सदाभाईच्या जांभया

भिकाजी गावकराचं गाऱ्हाणं ऐन रंगात आलं होतं, आणि नेमकी तेव्हाच सदानंद मुणगेकराला जांभई आली.

जांभई म्हणजे साधीसुधी नव्हे. जबडा कानापर्यंत ताणणारी, डोळ्यांतून पाणी काढणारी. श्रावणातला सोमवार, गांगेश्वराच्या देवळात अख्खी वाडी जमलेली. भिकाजी हात जोडून देवाला विनवत होता, "बा देवा गांगेश्वरा, म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी जी काय वाकडीतिकडी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!" सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणत होते. सदाचं तोंड मात्र ‘व्हय’ला उघडलं ते उघडंच राहिलं. त्यानं घाईघाईनं खांद्यावरचा पंचा तोंडावर धरला. पहिली संपते न संपते तोच दुसरी आली, दुसरीच्या मागोमाग तिसरी.

पन्नाशी उलटलेला बाप्या माणूस, गावातला जुना किराणा दुकानदार, आणि देवापुढं उभा राहून जांभया देतोय! सदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाळावर, मानेवर घाम डवरला. त्यात भर म्हणून कुणीतरी आरतीचं ताट त्याच्याच हातात दिलं, आणि ताट हातात येताच हात कापायला लागले. निरांजन, कुंकवाची वाटी, छोटी घंटा, सगळं ताटात खुळखुळायला लागलं.

गाऱ्हाणं घालताना भिकाजीचा एक डोळा नेहमीच जरा किलकिला असतो. कोण आलं, कोण आलं नाही, हे गावच्या पहिल्या मानकऱ्यानं, गावकरानं, बघायला नको? त्या डोळ्यानं त्यानं सगळं पाहिलं आणि गाऱ्हाणं मध्येच तोडलं.

"गप ऱ्हवा रे सगळे!" भिकाजी ओरडला. "देव इलो! सदाच्या अंगात देव इलो!"

आता या बाजूच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की देवाचा वारा माणसाच्या अंगात शिरताना आधी जांभया येतात, मग घाम फुटतो, मग हातपाय कापतात. ज्याच्या अंगात तो येतो त्याला देवाचं झाड म्हणतात. गावाच्या अडीअडचणी त्याच्या तोंडून सुटतात. सदाचा चुलता तातू हा गावाचं झाड होता. तो गेला त्याला दोन पावसाळे झाले, आणि तेव्हापासून देवानं कुणालाच निवडलं नव्हतं. देव रुसला, असं जो तो म्हणत होता. आणि आज त्याच मुणगेकरांच्या घरात, चुलत्यामागून पुतण्यावर वारा उतरला! म्हाताऱ्या बायका पुढं होऊन पाया पडल्या. लवू रिक्षावाल्यानं सदाच्या हातातलं ताट अदबीनं काढून घेतलं.

"म्हाराजा, बोल करा!" भिकाजी म्हणाला.

सदाची जीभ टाळ्याला चिकटली होती. तोंड भाजल्या पापडासारखं कोरडं. तो कसाबसा एवढंच म्हणाला, "पाणी."

"देवान तीर्थ मागल्यान रे! हाडा, हाडा!"

सदानं तांब्याभर तीर्थ घटाघटा पिऊन टाकलं आणि तिथंच खाली बसला. हळूहळू हात थांबले. देव शांत झाला, असं भिकाजीनं जाहीर केलं आणि घंटा वाजवली.

बायकांच्या रांगेत सरला, सदाची बायको, पदराचं टोक दातांत धरून उभी होती. हा देव कुठून आला हे त्या देवळात सदाखेरीज तिला एकटीलाच ठाऊक होतं. तो कुडाळहून आला होता, आणि रोज सकाळी न्याहारीनंतर एक गोळी या मापानं येत होता.

*

झालं होतं असं. शिमगा झाला आणि सदाचं मन कशातच लागेनासं झालं. घरात भांडण नाही, तंटा नाही, कुणी गेलं नाही. मुलगी गौरजा जामसंड्याला शिक्षिका, जावई सोन्यासारखा, दुकान चाललेलं. तरी सकाळी दुकानाचं शटर वर करायचं म्हणजे याच्या जिवावर यायचं. अर्धा किलो रवा तोलता तोलता डोळे भरून यायचे आणि समोरचं गिऱ्हाईक अवघडून भलतीकडे बघायचं. वैशाखात एक दिवस तो शर्ट उलटा घालून दिवसभर गल्ल्यावर बसला. संध्याकाळी सरलानं दाखवेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. ताटात बांगड्याचं तिखलं असो की नुसती पेज, त्याला सगळं सारखंच. "सदाभाई गळालो रे," लोक म्हणायचे. कुणी मधुमेह म्हणालं, कुणी करणी म्हणालं. शेवटी गौरजानं फोनवर आईला चांगलं फैलावर घेतलं आणि कुडाळच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. निघताना शेजारणीनं हटकलं, "खंय गो चललास?" तर सरला म्हणाली, "ह्येंचे डोळे दाखवूक."

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण ऐकून घेणाऱ्या. मरावंसं वाटतं का, असं त्यांनी सरळ विचारलं.

"मरावंसं नाही वाटत," सदा म्हणाला. दवाखान्यात, कचेरीत माणूस शुद्ध बोलतो, तसा तोही शुद्ध बोलला. "सकाळ होऊ नये, एवढंच वाटतं."

सरला त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं एका घरात काढून हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिला रडू आलं, पण तिनं ते तिथं येऊ दिलं नाही.

"काका, हा आजार आहे," बाई म्हणाल्या. "आळस नाही आणि वेडही नाही. गोळी देते. पण आधीच सांगून ठेवते, ही गोळी आधी त्रास देते आणि मग गुण देते. सुरुवातीचे काही आठवडे मळमळेल, तोंड सुकेल, जांभया येतील, घाम येईल, हात थोडे कापतील. घाबरून आपल्या मनानं बंद करायची नाही. फारच झालं, किंवा जिवाचं काही बरंवाईट मनात आलं, तर त्याच घडीला मला फोन करायचा."

आणि अगदी तस्संच झालं. मळमळीनं सदा हैराण. स्वतःच्याच दुकानातल्या सुक्या बोंबलांचा वास आला की पोटात ढवळायचं. सरलानं सुक्या मासळीची टोपली मागच्या पडवीत हलवली, थोडी थोडी पेज त्याच्या पोटात घातली, गल्ल्याजवळ पाण्याचा तांब्या आणि खडीसाखरेची बरणी ठेवली. तोलताना साखरेचे दाणे पारड्याबाहेर सांडायला लागले की ती म्हणायची, "तुमी बसा, मी तोलतंय." आधी त्रास, मग गुण, त्यातला त्रास तेवढा वेळेवर आला होता, गुणाचा अजून मागमूस नव्हता. आणि आता त्यात हा देव! आधीच मर्कट, तशातला प्रकार.

*

देवळातून घरी आल्यावर सदा पंचा खुंटीला लावायचंही विसरला.

"आता काय करूचा?" तो म्हणाला. "उद्या भिकाजीक सांगतंय. गोळयेचा सांगून टाकतंय."

"सांगा. आणि परवा वाडीभर होतला, सदाक येड लागला म्हणान."

"मगे काय देव म्हणान मिरवू?"

सरला विचारात पडली. नवऱ्याच्या या दुखण्यापायी तिनं विहिरीवरची, देवळातली बायकांची कुजबुज सोसली होती. आज त्याच बायकांनी तिच्या ओंजळीत फुलं घातली होती. खोटं कशाला बोला, तिला ते बरं वाटलं होतं.

"मी म्हणतंय, दोनूय चलांदे," ती म्हणाली. "रोज सकाळी गोळी घेवा आणि सोमवारी देव व्हा. कोणाचा काय बिघाडता?"

सदा तिच्याकडे बघत राहिला आणि एकदम हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. सरलाही हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली.

पण देव होणं म्हणजे काही खायचं काम नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि "सदा, अर्धो किलो साखर दी रे," म्हणून दारातून हाळी देणारे लोक चपला बाहेर काढून आत यायला लागले. लवू रिक्षा थांबवून हात जोडून जायचा. सदाला जांभई आली की समोरचं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरून डोळे मिटायचं. एकदा तर तो नुसतं "मीठ संपला" म्हणाला, आणि एका म्हातारीनं त्याचा अर्थ असा लावला की घरात खाल्ल्या मिठाला जागणारं कुणी उरलं नाही. तिनं घरी जाऊन सुनेशी भांडण काढलं. बिचारी सून!

आणि खरं सांगू? सदाला हे आवडायला लागलं. इतके महिने जो माणूस स्वतःला कवडीमोलाचा समजत होता, त्याच्या पायावर गाव डोकं ठेवत होतं. कोण नको म्हणेल?

मग भिकाजी नारळ घेऊन आला. भिकाजी वाईट माणूस नव्हे. गावावर त्याचा जीव होता आणि गाव एकत्र राहायचं तर देव बोलता हवा, असं त्याला मनापासून वाटायचं.

"सदा, दसऱ्यापर्यंत पथ्य सांभाळूक व्हया," तो म्हणाला. "मासळी नको. आणि कसली गोळी नको, औषध नको. झाडाचा अंग निर्मळ व्हया. काय झालाच तर देवाचो अंगारो आसा."

"बरा," सदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या बशीजवळ ठेवलेली गोळी तशीच राहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग त्याचं डोकं गरगरायला लागलं, येणाऱ्याजाणाऱ्यावर तो उगाच खेकसायला लागला, आणि एका दुपारी दुकान तसंच टाकून मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला, आधी बसायचा तसा. सरलानं ते बघितलं आणि तिची तळपायाची आग मस्तकाला गेली.

"देव झालात म्हणान माणूस होवचा सोडू नकात!" ती कडाडली. "भिकाजीक काय जाता सांगूक? सकाळी तुमका उठवूक तो येता? तुमच्याबरोबर पडवीत तो बसता?"

तिनं तिथल्या तिथं कुडाळला फोन लावला आणि त्याच्या कानाशी धरला. सदानं चाचरत सगळं सांगितलं, देवासकट सांगितलं. आता बाई हसणार, असं त्याला वाटलं. पण त्या हसल्या नाहीत.

"देवाबद्दल मी काय बोलणार, काका," त्या म्हणाल्या. "पण ताटातली वाटी वाजली ती गोळीमुळे, एवढं मला माहीत आहे. ती अशी मधेच सोडली की डोकं गरगरणारच. आता अर्धीपासून पुन्हा सुरू करा, मी सांगेन तेव्हा पूर्ण घ्या. चहा कमी करा. हे कापरं काही जन्माचं नाही, जाईल ते."

सदा गोळी घ्यायला लागला. येणाऱ्या सोमवारी अंग मोडून आलंय असं सांगून तो देवळात गेलाच नाही. त्यानंतरच्या सोमवारची मात्र सुटका नव्हती, कारण मध्ये सुगंधा आली.

*

सुगंधा त्याच वाडीतली. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. घरात ती आणि तिची मुलगी आकांक्षा. दुपारच्या सामसुमीत ती दुकानाच्या पायरीशी येऊन हात जोडून उभी राहिली.

"भाई, माझ्या चेडवाचा काय ता बघा."

"आकांक्षाचा? ती मुंबईक नाय?"

"शिमग्याक इली ती परत गेलीच नाय. नोकरी सोडल्यान. दिसभर मागल्या खोलयेत पडान ऱ्हवता. न्हाणा नाय, बोलणा नाय, पानात वाढलेला तसाच ऱ्हवता. व्हाळाच्या पाण्याकडे गेल्ली, थंयसरच कायतरी लागला तिका. भिकाजीदादा म्हणालो, सोमवारी देवाक विचारुया. देवान व्हय म्हटल्यान तर दसऱ्यापर्यंत तिका देवळात बसवची, उपास करून. तुमी फकस्त व्हय म्हणा भाई."

सदाचा हात पुडी बांधता बांधता थांबला. आधीच न जेवणाऱ्या पोरीला उपास!

"डॉक्टराक दाखवलंस?"

"डॉक्टराक कित्याक?" सुगंधा दुखावून म्हणाली. "ती काय येडी आसा?"

शब्द सदाच्या ओठावर आले होते. मी येडो दिसतंय काय गो तुका, एवढंच विचारायचं होतं. पण सुगंधा डोळ्यांत पाणी आणून, देव समजून त्याच्यासमोर उभी होती, आणि तिचे ते जोडलेले हात खाली पाडायचा त्याला धीर झाला नाही. "बघुया," तो म्हणाला. ती गेल्यावर त्याला स्वतःचा असा राग आला, की त्यानं बांधलेली पुडी सोडून पुन्हा बांधली.

सोमवारी देऊळ फुलून गेलं होतं. देव बोलणार म्हणून शेजारच्या वाडीतलेही लोक आले होते. सदाला देवासमोर पाटावर बसवलं. समोर सुगंधा आणि तिच्या आडोशाला आकांक्षा. आईनं तिचे केस तेल लावून चापूनचोपून विंचरले होते, कपाळाला अंगारा लावला होता. भिकाजीनं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाच्या मागे जी काय इडापीडा लागली हा, ती तुझ्या झाडाच्या तोंडान सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका तुझ्या पायाकडे बसवन घेवची काय ता सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांचे डोळे सदाच्या हातांवर. आणि सदाचे हात गप्प! जांभई नाही, घाम नाही, कापरं नाही. गोळी अंगाला मानवली होती. त्याचं त्यालाच नवल वाटलं. दोन-चार दिवसांत तराजूबाहेर काही सांडलं नव्हतं, हेही त्याला तेव्हाच आठवलं.

भिकाजीनं दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. मग तिसऱ्यांदा. लोक चुळबुळायला लागले. सुगंधाचा चेहरा कावराबावरा झाला. सदानं विचार केला, हलवले थोडे हात तर कुणाला कळणार आहे? आणि त्यानं खरोखरच उजवा हात जरासा हलवला. लगेच देवळातून कुजबुज उठली, "इलो, इलो."

तेवढ्यात त्याचं लक्ष आकांक्षाकडे गेलं. सगळ्या देवळात तिनं एकटीनं हात जोडले नव्हते. ती त्याच्या हलणाऱ्या हाताकडे बघत होती. त्या बघण्यात भक्ती नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. तिच्या अंगातला कुर्ता उलटा होता. शिवणीचे दोरे बाहेर लोंबत होते, आणि एवढे केस विंचरणाऱ्या आईच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

सदाचा हात मांडीवर पडला.

"थांब भिकाजीदादा," तो म्हणाला. "माझ्या अंगात देव येवक नाय."

"म्हाराजा?"

"म्हाराजा नाय रे, सदा. माका गोळी चालू आसा. मनाच्या दुखण्याची. कुडाळची डॉक्टरीण देता. त्या गोळयेन तोंड सुकता, जांभयो येतत, हात कापतत. त्या दिवशी ताच झाला. आता कापणा नाय, म्हणजे गोळी अंगाक मानवली."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. भिकाजीचा चेहरा लालबुंद झाला.

"देवळात बसान गावाक फसवलंस? देवासमोर खोटा बोललंस?"

"मी खंय बोललंय?" सदा कळवळून म्हणाला. "मी फकस्त पाणी मागलंय. पण त्याच दिवशी सांगूक व्हया होता, ता सांगूक नाय. चुकलंय. माका लाज वाटली." तो सुगंधाकडे वळला. "सुगंधा, चेडवाक उपाशी ठेव नको. माका जा झाला, ताच तिका झाला असतला. तिका डॉक्टराक दाखव."

"माझा चेडू येडा नाय!" सुगंधा किंचाळली. "तुमका लागली असतली येडाची गोळी. माझ्या चेडवाचा नाव घेव नकात!" तिनं आकांक्षाचा दंड धरला आणि गर्दीतून वाट काढत तिला बाहेर घेऊन गेली.

लोक पांगायला लागले. "मी पाया पडलंय ता फुकट गेला," म्हणून एक म्हातारी कुरकुरली. भिकाजी देवाकडे तोंड करून उभा राहिला, वळलाच नाही. सदा पाटावर तसाच बसून होता. उठावं कसं, जावं कुठून, त्याला कळेना. तेव्हा बायकांच्या बाजूची सरला सरळ पुरुषांच्या बाजूला चालत आली. सगळ्यांच्या देखत तिनं हात पुढं केला.

"चला घराक," ती म्हणाली. "जेवणाक उशीर होता."

*

गावाचं म्हणाल, तर गाव काही लगेच विरघळलं नाही. देवळाचा कापूर आणि उदबत्ती सदाच्या दुकानातून जायची, ती भिकाजीनं बंद केली. नाक्यावरच्या दुकानात गर्दी वाढली. लवू रिक्षातून जाताना हात जोडत नव्हता आणि थांबतही नव्हता. शाळकरी पोरं सदाला बघून मोठ्यानं जांभया द्यायची. पहिल्यांदा सदाला ते लागलं. मग एकदा त्यानं पोरांना उलट अशी काही जांभई दाखवली, की ती पळत सुटली.

सरला मात्र ताठ. कुणी आडून विचारलं, "आता भाईंची तब्येत कशी आसा?" की ती म्हणायची, "गोळी घेतत. बरी आसा." एवढं बोलून ती डाळ निवडायला लागायची. पण सुगंधा दिसली, की तिलाही कसंतरी व्हायचं. सुगंधा रस्ता बदलून जायची. आकांक्षाला देवळात बसवलं नव्हतं, एवढं कळलं होतं. घरात ती जेवते की नाही, उठते की नाही, हे विचारायची सोय राहिली नव्हती. सदा दुकानात बसल्या बसल्या सुगंधाच्या घराच्या वाटेकडे बघायचा. आपण तोंड उघडलं आणि पोरीची होती ती वाटही बंद केली, असं त्याला वाटायचं. गोळीनं ते काही जात नव्हतं.

गणपती जवळ आले. एका दुपारी आभाळ भरून आलं होतं, गिऱ्हाईक नव्हतं, आणि सदा शटर अर्ध्यावर ओढून जेवायला जायच्या बेतात होता. तेवढ्यात पायरीवर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

आकांक्षा होती. पायात दोन वेगवेगळ्या चपला. उजेडाची सवय मोडलेल्या माणसासारखे डोळे बारीक केलेले.

"काय दिव गो तुका?" सदानं विचारलं. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

ती बरण्यांकडे बघत राहिली. सदानं घाई केली नाही.

"काका," ती शेवटी म्हणाली, "ती डॉक्टरीण काय काय विचारता?"

"झोप लागता काय. भूक लागता काय." सदा थांबला. मग त्यानं सगळंच सांगायचं ठरवलं. "मरावचासा वाटता काय, ताय विचारता."

आकांक्षाची नजर हलली नाही. "मगे? खरा सांगूचा?"

"खरा सांगूचा," सदा म्हणाला. "ती रागावणा नाय. घाबरणाय नाय. काकी येतली तुझ्याबरोबर, मीय येतंय. तू म्हण, उद्याच जावया. आजच फोन लावया."

"आणि त्या गोळयेन बरा वाटता?"

देव असता तर त्यानं ‘व्हय’ म्हटलं असतं. सदानं अंगणात पडणाऱ्या पहिल्या थेंबांकडे बघितलं.

"आधी त्रास होता. तोंड सुकता, पोटात ढवळता, रोज वाटता आज सोडूया. मी सोडलंय पण होती, ता चुकला. अजून माका पुरता बरा वाटणा नाय," तो म्हणाला. "पण परवा बाजारात ताजे बांगडे इल्ले. ते बघले आणि माका खावचेशे वाटले. आपसूक वाटले गो. कोणी सांगूक नाय."

"माका कायच खावचासा वाटणा नाय."

"म्हायत आसा."

त्यानं आतलं स्टूल आणून पंख्याखाली ठेवलं आणि अर्ध्यावर आलेलं शटर पुन्हा वर ढकललं. आकांक्षा बसली. "सरला," त्यानं मागं हाक मारली, "दोन पेले पेज हाड गो. आणि कुडाळचो नंबर लाव." आतून सरला बाहेर आली, पोरीला बघून उंबऱ्यावरच थबकली, आणि पेज आणायला आत वळली.

पावसानं जोर धरला. दोन गिऱ्हाइकं भिजत आली, आकांक्षाला तिथं बसलेली बघून एकमेकांकडे बघायला लागली. ती उठली नाही. सदानं त्यांना हवं ते तोलून दिलं.

गिऱ्हाइकं गेल्यावर त्याचं रस्त्यापलीकडे लक्ष गेलं. एस.टी.च्या थांब्याजवळ, उघड्यावर, सुगंधा छत्री धरून उभी होती. तिनं दुकानाकडे पाठ केली होती. मालवणची गाडी आली, तिच्यासमोर थांबली, कंडक्टरनं दार उघडून विचारलं, तिनं नकाराची मान हलवली, आणि गाडी निघून गेली. वाऱ्यानं छत्री उलटी व्हायला लागली, पदर भिजून अंगाला चिकटला. तिनं एकदाही वळून बघितलं नाही, आणि ती तिथून हललीही नाही.